न मोडलेला काटा

हे म्या अजून कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, आईला न्हाई. तुमाला सांगून राहिले, पण — दमच लागतो बघा.

माजी राणी सहा वर्साची. पोटरीला गाठ आली, सुपारीवानी, मग लिंबाएवढी. हिंगोलीहून मोठ्या शहरात धाडलं. तपासलं तर मांसातला कॅन्सर. तिचा बाप मेंढरं घेऊन लांब गेलेला. मी एकलीच, चौथी शिकलेली बाई. डॉक्टर म्हणले, आपरेशन करून पोटरीची गाठ काढू. मग त्यांनी राणीच्या जांघेत बोटं फिरवली — अन् थांबले.

तिथं बी एक गाठ व्हती. चिंचोक्याएवढी. मला ठावं व्हतं. दोन महिने आंघोळ घालताना हाताला लागायची.

डॉक्टर म्हणले, "हा आजार बहुतेक छातीत जातो, जांघेत क्वचित. म्हणून उगाच जांघ कापत नाही आम्ही. पण गाठ हाताला लागली की सुई घालून तपासायची. खराब निघाली तर तीही काढायची."

सुई! आमच्याकडं म्हणतात, गाठीला सुई लावली की रोग अंगभर पळतो. अन् जांघ कापली तर पोरीला पदरात कोण घेईल? सहा वर्साच्या लेकराचं लगीन बघून राहिले व्हते मी — कशी आई म्हणायची?

पायात काटा मोडला की जांघेत अवधान येतं, गाठ सुजते. आमच्यात हे लेकरालाबी ठावं. म्या म्हणलं, "सायब, ते अवधान हाय. आठ दिसामागं काटा मोडला तिला."

काटा मोडलाच नव्हता.

राणी माझ्याकडं बघाया लागली. "आये, कवा गं?"

म्या तिचा हात दाबला. जोरात. ती गप झाली.

तळपाय भेगाळलेले, खरचटलेले — डॉक्टरला पटलं. म्हणले, पंधरा दिवसांत गाठ बसली नाही तर लगेच आणा, सुई घालूच. पोटरीचं आपरेशन झालं, घरी आलो. दवाखान्यातून फोन यायचा. बसली, म्हणायची मी. एकडाव न्हाई, तीनडाव. हाताखाली ती गाठ वाढून राहिली व्हती, अन् मी — बसली म्हणायची.

शेवटी नेलं तवा रोग छातीत गेला व्हता. पोळ्याच्या आधी राणी गेली.

तिच्या बापालाबी म्या काट्याचंच सांगितलं व्हतं. तो म्हणतो, "मी लांब जायच्या आधी माझ्या मेंढरामागं अनवाणी पळायची, तिथंच काटा मोडला, त्याचंच इख चढलं. मीच चपला घेतल्या न्हाईत पोरीला." जेवता जेवता उठतो.

परवा त्यानं कुऱ्हाड घेतली अन् मेंढरांच्या वाड्यामागची बाभळ तोडली. तिच्या सावलीला बसायची ती. घाव घालताना रडत व्हता.

म्या काहून तोडता, इतकंबी म्हणलं न्हाई. फांद्या वढून बाजूला टाकल्या.