डावा हात पाठीमागे

भित्रे सर बटण दाबताना डावा हात पाठीमागे नेत. वर्गातला दिवा असो की ऑफिसातला पंखा, डावा हात कमरेवर आणि उजव्याचं एकच बोट पुढे. भित्रे हे त्यांचं आडनाव नव्हे, ते आम्ही इब्रामपूरच्या पोरांनी ठेवलेलं. सर कोल्हापूरकडचे, आम्हाला विज्ञान शिकवायला आलेले. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरतो, दुसऱ्यातून निघतो आणि वाटेत काळीज असतं, हे त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ उसाच्या मळ्यात मोटारीच्या लोखंडी पेटीला चिकटून गेला होता. हे मात्र आम्हाला शाळेच्या शिपायाने सांगितलं.

"भ्या की. भ्यायला काय पैसं पडत्यात?" असं ते म्हणत. "पण नुसतं भिऊन भागत न्हाई. किती भ्यायचं ते काढा." मग फळ्यावर गणित सुरू. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, दोघांना गुणलं की वॅट. मी तेव्हा करंटपेक्षा त्या गणितालाच जास्त भ्यायचे.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. मराठी की कोंकणी यावरून अजून घराघरांत तोंडं फिरलेली होती आणि देवळापुढे सभा होत. आमचे मास्तर लोक तावातावाने भांडत. भित्रे सरांचं लक्ष मात्र मायकची वायर कुठून ओढली आहे यावर. ती बघून ते दोन पावलं मागे सरकत.

आमचा गाव लाइनीच्या शेवटच्या टोकाला. संध्याकाळी दिवे भोपळ्याच्या फुलासारखे पिवळे पडत आणि विजेच्या शेगडीवर पाणी कोमटच्या पुढे जात नसे. त्यावर गावाने तोड काढली होती. शेगडीची कॉइल अर्धी कापायची आणि उरलेली ताणून खाचांत बसवायची. पाणी झटपट उकळे. फ्यूज उडालाच तर त्याच्या जागी जाड तार गुंडाळायची. माझे बाबा हे काम शेजाऱ्यांनाही करून देत आणि त्याबद्दल त्यांना मान होता.

एके दिवशी सरांनी घरातलं उदाहरण मागितलं. मी मोठ्या ऐटीत शेगडीचं सांगितलं. सरांनी विचारलं, अजून कोणाकडे असं आहे? अर्ध्या वर्गाने हात वर केले. सर फळ्याकडे वळले. पूर्ण कॉइल, दोनशे तीस व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या आसपास, म्हणजे रोध त्रेपन्न-चोपन्न. अर्धी कापली की रोध अर्धा. आपल्याकडे व्होल्ट दीडशे, म्हणून सहाएक अँपिअर. वायर पाच अँपिअरची. "तापत असंल, पण निभावतंय," सर पुटपुटले. मग त्यांनी खाली दोनशे तीस लिहिलं आणि भागाकार केला. जवळजवळ नऊ अँपिअर. दोन हजार वॅट. खडू थांबला.

"तो नवा ट्रान्सफॉर्मर कधी चालू करणारेत?"

आजच, असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. लाइन सकाळपासून बंद होती. दुपारी पुढारी येऊन हार घालणार होते, पूर्ण व्होल्टेज येणार होतं, फटाके आणलेले होते.

सरांनी खडू टाकून दिला. कोणी कशाला हात लावू नका, धावत घरी जा आणि मोठ्या माणसांना मेन बंद करायला सांगा, असं ते म्हणाले. मग मला विचारलं, तुझ्या घरी आत्ता कोण आहे? मी म्हटलं, आई आहे आणि ताई बाळंतीण आहे. शेगडी तिच्या खोलीच्या झावळ्यांच्या कुडाला लागूनच. आईने भांडं चढवून बटण चालू करून ठेवलेलं, करंट आला की पाणी आपसूक तापेल म्हणून.

"चल पोरी," सर म्हणाले.

आम्ही पाणंदीत असतानाच देवळाकडे फटाके वाजले. सर धावताना मोठ्याने काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव, पण ते वॅट होते.

घरात जळक्या रबराचा वास. वायर भिंतीवर फुगून धुरत होती आणि कूड एका जागी काळा पडू लागला होता. पलीकडे बाळ रडत होतं. आई सरांच्या आडवी आली. "मास्तरांनू, बाळाक न्हाणूचा पाणी आसा. तुमी कित्याक बंद करतास?" सरांनी तिला बाजूला सारलं. मेन म्हणजे जुनी लोखंडी पेटी. सरांनी डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्याने दांडा ओढला. हलला नाही. गंजून बसला होता. पुन्हा ओढला. कुडाला ज्योत लागली.

मग सरांचा डावा हात पुढे आला. दोन्ही हातांनी दांडा धरून त्यांनी सगळं अंग मागे टाकलं. दांडा खटकन खाली आला.

आईने ताईला आणि बाळाला अंगणात काढलं. मी घागर कुडावर ओतणार, तर सर मध्ये हात घालून आधी मेनकडे बघून आले आणि मगच म्हणाले, ओत. नंतर ते पायरीवर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. आईने पाणी आणलं, पण ते हात बाहेर काढीनात, तेव्हा तिनेच पेला त्यांच्या ओठांना लावला.

"लई भ्यालो, बाई," ते म्हणाले.

बाबांनी त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या कापलेल्या कॉइली स्वतः फिरून काढल्या. पुढच्या जूनला सर आले नाहीत. तिकडे घराजवळ नोकरी मिळाली, असं कळलं. पुन्हा भेट नाही.

मी डिचोलीत वायरिंगची कामं घेते. हाताखाली बेळगाव-कोल्हापूरकडची माणसं आहेत. बाई डावा हात मागे का ठेवतात, ते त्यांना ठाऊक आहे, तेही ठेवतात. पण कुठल्याही घरात गेले की मी पिशवीतून मीटर काढायच्या आधी तेलाची डबी काढते. मेनचा दांडा खाली-वर करून बघते. तो पडला पाहिजे. एका हाताने.