सोलापुरातलं बिनचादरीचं घर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात काहीच नव्हतं, आणि ते मी मुद्दाम केलं होतं.

झालं असं, की मी मोबाईलवर मिनिमलिस्ट घरांचे व्हिडिओ बघायला लागले. पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात एक कुंडी, बस्स! आमच्या हॉलमध्ये मात्र दिवाण, सहा खुर्च्या आणि छताला टेकेल एवढी चादरींची थप्पी. (सोलापुरात कुठल्याही कार्यक्रमाला जा, माणूस चादर घेऊनच परततो.) त्यातच महेशचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं, मोठ्या मुश्किलीनं जुळत आलं होतं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. आता तिचे मामा मंगळवेढ्याहून घर बघायला येणार होते. म्हटलं, मामा थक्क झाले पाहिजेत!

सासूबाईंनी बजावलं, एक वाटी जरी भंगारात गेली तरी मी जेवणार नाही. मग मी सगळं सामान शेजारच्या नूरजहाँभाभींच्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं. सासऱ्यांचा हार घातलेला फोटोसुद्धा. सासूबाईंना सांगितलं, फ्रेम बदलायला नवी पेठेत दिलाय.

मामा आले. धिप्पाड माणूस, त्यात गुडघेदुखी. बसायला हॉलमध्ये फक्त कुंडी! खाली अंथरावं तर घरात एक चादर नाही. शेवटी मी माझी योगाची चटई पसरली आणि मामा कण्हत कण्हत तिच्यावर टेकले. मग महेशला जवळ घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "घर सोडायची पाळी आलीय का? खरं काय ते सांगा."

मी मिनिमलिस्ट शैली समजावून सांगितली. त्यांनी माझ्याकडे तापात बडबडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. महेशचा चेहरा तर एवढा उतरला, की मला रडूच यायचं बाकी होतं. बिचाऱ्याचं लग्न मी माझ्या हातानं मोडत होते.

तेवढ्यात भाभींनी खिडकीतून पाहुणे बघितले आणि त्या माउलीनं आमची लाज राखायचं मनावर घेतलं. आधी खुर्च्या आल्या. मग चौघांनी उचलून दिवाण. मग चादरी, फेऱ्यांवर फेऱ्या! "वैनी, पाव्हणे आले तर सांगायचं की. तुमचंच सामान हाय," असं त्या दर फेरीला मोठ्यानं सांगत होत्या. सगळ्यात शेवटी सासऱ्यांचा फोटो आला, लख्ख पुसलेला, हारासकट. सासूबाईंनी तो छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही.

मामा उठले, फोटोला हात जोडले आणि एकदाचे खुर्चीत बसले.

"पोरगी दिली," ते म्हणाले. "असा शेजार कुटं मिळतोय? फक्त तिला सांगून ठेवतो, घरात काय लागलं तर मोठ्या जावेला विचारायचं न्हाय. सरळ शेजारी जायचं."

लग्नाला सहा महिने झाले. जाऊबाई भलत्याच आज्ञाधारक निघाल्या. परवा पाहुणे आले, तर भाभींकडून भलंमोठं पातेलं घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "बघा ताई, याला म्हणतात संसार." मी मान डोलावली. मामा आले त्या दिवशीच्या गडबडीत भाभींकडून परत आणायचं राहून गेलेलं ते पातेलं, काठावर माझंच नाव कोरलेलं. पण आता मागायचं कुठल्या तोंडानं?