थरथर सरळ करू नये

माझा धंदा असा, की एका सिनेमाची सगळी जाहिरात एकाच घरातली वाटली पाहिजे. पोस्टर दादरच्या पुलाखाली चिकटवलेलं असो, बसच्या पाठीवर असो, नाहीतर फोनवर अंगठ्याएवढं असो. माणसाने जाता जाता बघितलं तरी त्याला कळावं, हा तोच सिनेमा. त्यासाठी रंग ठरवायचे, नावाचं अक्षर ठरवायचं, त्याभोवती किती जागा मोकळी सोडायची ते ठरवायचं, आणि मग छापणाऱ्या, कापणाऱ्या, चिकटवणाऱ्या सगळ्यांना दम देऊन ते पाळायला लावायचं. या बाबतीत मी कडक आहे. माझं नाव झालं ते या कडकपणामुळेच, आणि मी जे सांगणार आहे तेही त्याच कडकपणातून घडलं.

माझे काका पेंटर. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. वडील गिरणीत मागावर होते आणि काका थिएटरांवरची होर्डिंगं रंगवायचे. चेहरे दुसरे लोक काढत, अक्षरं काकांची. चाळीस फुटांची आडवी रेघ ते परांचीवर बसून, एका हाताने दोर धरून, दुसऱ्या हाताने मारायचे आणि खाली उतरून तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ती सरळ आहे हे त्यांना माहीत असायचं. त्यांच्या जोडीला वीसेक वर्षं एक मित्र होता. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. फ्लेक्स आला तसं दोघांचं काम गेलं. भाऊंनी तिथेच गल्लीत छपाईचं मशीन टाकलं. काकांनी नाही टाकलं.

"ब्रश सोडून प्लग लावलास मेल्या," काका म्हणायचे.

"तू बस ब्रश चाटत," भाऊ म्हणायचे.

दसऱ्याला दोघांचा एक खेळ असायचा. काका आपले जुने ब्रश पाटावर मांडून त्यांना झेंडू वाहायचे. भाऊ आपट्याची पानं घेऊन यायचे. मग एका काळ्या फळीवर दोघांनी, पट्टी नाही, सूत नाही, एकेक पांढरी रेघ मारायची. कोणाची जास्त सरळ ते काकी सांगणार. काकीचा निकाल कडक. हरला त्याने जिंकलेल्याच्या पाया पडायचं. मग काकी ओल्या फडक्याने फळी पुसून टाकायची. त्या रेघा कधीच कोणी ठेवल्या नाहीत.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी मला गिरणगावावरच्या एका सिनेमाचं काम मिळालं. नावाची अक्षरं हाताने लिहिलेली हवीत, असं मीच सुचवलं. काकांना तोवर कंपवात सुरू झाला होता. उजवा हात मांडीवर ठेवला तरी बोटं आपापली चालू असायची. तरीही मी त्यांच्याकडेच गेलो. प्रेमाने गेलो, हे खरं आहे. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा, किंवा नका ठेवू.

त्यांनी सात कागद लिहिले. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरत लिहिले. काकी बाजूला बसून बघत नाही असं दाखवत लसूण सोलत होती. शेवटी एक कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हा त्यातल्या त्यात बरा. थरथर तेवढी साफ कर कॉम्प्युटरवर. जमतं ना तुमच्यात?"

"जमतं काका."

"नक्की कर हां, झिला. लोक बघणार."

"करतो म्हटलं ना."

मी साफ केलंही. एक दुपार खर्चून सगळ्या कडा सरळ केल्या. झालं काय, तर चांगली, सुबक, कुठल्याही पाटीवर शोभतील अशी अक्षरं झाली. जीव गेला त्यांतला. परळच्या एका टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर निर्मातीचं ऑफिस होतं. तिथे जाताना मी दोन्ही नमुने नेले. दोन्ही का नेले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. दाखवायचं नसतं तर नेलंच नसतं.

तिने थरथरतं बघितलं आणि खुर्चीत पुढे सरकली. "हे काय आहे?"

तेव्हा सांगता आलं असतं, की हा माझ्या काकांचा आजार आहे. मी म्हणालो, "माग चालू असले की गिरणीची जमीन हलायची. माझे वडील सांगायचे. ती थरथर अक्षरांत आणलीय. मुद्दाम."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील जमीन हलते म्हणायचे हे खरं होतं. बाकी मी तिथल्या तिथे रचलेलं.

मग मी नियमावली केली. रंग दोन: भिजलेल्या विटेचा लाल आणि कापसाचा पांढरा. नाव नेहमी खालच्या तिसऱ्या हिश्शात. पोस्टर, बॅनर, तिकिटाचं पाकीट, पॉपकॉर्नचा डबा, टीझरची शेवटची चौकट, सगळीकडे तेच अक्षर, तसंच्या तसं. सातवा नियम मी ठळक लिहिला: अक्षरांची थरथर सरळ करू नये.

लालबागच्या नाक्यावरचा बॅनर छापायला भाऊंकडे गेला. तो बॅनर गुरुवारी लागला. शुक्रवारी सकाळी काकांचा फोन. ते फोन करत नसत, काकीला करायला लावत. त्या दिवशी स्वतः केला.

"बघून आलो," म्हणाले. "साफ केलंस. बरा केलंस, झिला. शेवटचा काना जरा जाड झालाय, पण ठीक आहे. रविवारी तुझ्या काकीला दाखवतो. दोन-तीन जण चाळीतले पण येतो म्हणतायत."

मी "हो, हो" म्हणालो. काहीच कळेना. फोन ठेवतो तोच निर्मातीच्या ऑफिसातून फोटो आला. लालबागचा बॅनर. खाली प्रश्न: हा वेगळा का दिसतोय?

अक्षरं सरळ होती. सगळीच्या सगळी, काठ धुऊन काढल्यासारखी. मी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, फाइलला हात कोणी लावला?"

"मीच. दोन दुपारी बसलो. माऊसने लय त्रास दिला."

"पण का?"

"का म्हणजे? अरे, त्याचं अक्षर ओळखत नाय काय मी? बिचाऱ्याचा हात हलतो ते सगळ्या नाक्याला दाखवणार तू? तुला वेळ नसेल मिळाला, म्हटलं मी करतो."

"ते डिझाइन आहे भाऊ. तसंच हवंय."

"आजार आहे तो बाळा. डिझाइन कसलं?"

तेव्हा मी जे बोललो ते शब्द मला पाठ आहेत. "भाऊ, तुम्ही फक्त छापा. विचार आम्ही करतो."

पलीकडे मशीनचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "बरं साहेब." मी लहान असल्यापासून त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

शनिवारी बॅनर बदलला. भाऊंनीच छापला, त्यांच्याच माणसांनी चढवला. काकांना रविवारी जाऊ नका म्हणून सांगायला माझ्याकडे अख्खा शनिवार होता. मी तो दिवस पॉपकॉर्नच्या डब्याचा लाल रंग जुळवण्यात घालवला.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सोबत काकी आणि चाळीतले तिघं. पुढचं काकीने मला नंतर सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. म्हणाली, "हे लांबूनच थांबले. एक जण म्हणाला, वा पेंटर, हात हलतो तसंच्या तसं उतरवलंय की! कौतुकानेच म्हणाला रे. यांनी घरी येऊन शर्ट काढून त्याची घडी घातली."

सोमवारी मी गेलो तेव्हा काका कठड्याला टेकून उभे होते.

"शुक्रवारी सरळ होतं," ते म्हणाले. "मी या डोळ्यांनी बघितलंय. कोणी बिघडवलं?"

मी म्हणालो, "छपाईत घोळ झाला काका. जुनी फाइल गेली."

"कोणाकडून?"

मी उत्तर दिलं. एवढंच म्हणालो, "भाऊंच्या प्रेसमधून."

नंतर पेपरात, टीव्हीवर, सगळीकडे तीच अक्षरं आली. काकांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. एका चुकीच्या फाइलवरून पुढचं सगळं झालं असा त्यांचा समज असावा, किंवा त्यांना तोच समज बरा वाटला असावा. फक्त एकदा, पेपरची घडी घालताना म्हणाले, "सगळीकडे सारखीच थरथर. माझा हात दोनदा सारखा हलत नाही."

त्या दसऱ्याला भाऊ आले नाहीत. काकांनी जिन्यात गाठून त्यांना काय सुनावलं ते मला माहीत नाही. भाऊंनी माझं नाव घेतलं नाही, हे मात्र माहीत आहे, कारण काका माझ्याशी पहिल्यासारखेच वागत होते. मला चहा मिळत होता, चौकशी होत होती. तो चहा मी तीन वर्षं प्यायलो.

गेल्या दसऱ्याला मी गेलो तेव्हा काका पाटावर ब्रश मांडत होते. आता एक ब्रश ठेवायलाही त्यांना वेळ लागतो. काकी त्यांना कप अर्धाच भरून देते. पाटाशेजारी काळी फळी होती, पांढऱ्या रंगाची वाटी होती, आणि दोन ब्रश वेगळे काढून ठेवलेले.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"दरवर्षी काढतात," काकी म्हणाली. "संध्याकाळी परत ठेवतात."

मी तिथेच, चपला पुरत्या काढल्याही नव्हत्या, सांगून टाकलं. थरथर मी ठेवली. गिरणीची गोष्ट मी रचली. भाऊंनी सरळ केलं होतं आणि मी त्यांना पुन्हा वाकडं छापायला लावलं. मग नाव त्यांचं सांगितलं. बोलायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

काका झेंडूच्या पाकळ्या निवडत राहिले. मग म्हणाले, "त्याला बोलाव. त्याच्यासमोर परत सांग."

भाऊ आले. जिने चढून धाप लागलेली, हातात आपट्याची पानं. दारातच उभे राहिले. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं, कारण त्यांना ते माहीत होतं.

"तू का बोलला नाहीस रे?" काकांनी भाऊंना विचारलं.

"काय बोलू? तुझा पुतण्या. त्याचं नाव होत होतं. मी सांगू तुला, की त्यानेच केलं?"

"तीन वर्षं शिव्या खाल्ल्यास मेल्या."

"तुझ्या शिव्या काय नवीन आहेत?"

काकी स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळून उभी होती. "रेघा मारणार आहात की रंग वाळवणार आहात?" तिने तिकडूनच विचारलं.

भाऊंनी आधी मारली. मध्यावर त्यांचा हात किंचित खाली घसरला. काकांनी फळीवर वाकून बघितलं.

"मुद्दाम वाकडी मारलीस."

"नाय रे, वय झालं."

"खोटं नको. खोटं पुष्कळ झालं या घरात. पूस. परत मार."

भाऊंनी पुसली आणि पुन्हा मारली. या खेपेला सुतासारखी. मग काकांनी ब्रश घेतला. मनगट धरायला डावा हात पुढे आला, तो त्यांनी मागे घेतला. रेघ डावीकडून उजवीकडे गेली, थांबत, उडत, मध्येच जाड होत. टोकाला पोचायला खूप वेळ लागला.

काकी पदराला हात पुसत आली. दोन्ही रेघा बघितल्या. "भाऊंची सरळ," म्हणाली.

"अर्थात," काका म्हणाले, आणि भाऊंच्या पाया पडायला वाकू लागले. भाऊंनी त्यांना अर्ध्यात धरलं. दोघं तसेच एकमेकांना धरून उभे राहिले आणि हसू लागले.

फळी पाटाला टेकून उभी होती. खिडकीतला उजेड नेमका काकांच्या रेघेवर पडला होता. तशी रेघ मी पुन्हा कुठे बघणार नव्हतो, आणि माझा हात सवयीने खिशातल्या फोनवर गेला. काकांनी भाऊंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी हात बाहेर काढला. काकीने ओलं फडकं आणलं होतं. ते मी तिच्याकडून मागून घेतलं आणि फळी पुसली.