आम्ही की आपण

अगं बाई, समोर असतीस तर तुझा कान धरला असता मी. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, आम्ही मराठी माणसं, तुम्ही बंगळूरवाले आता कानडीच झालात." हसत म्हणालीस, मीही हसले. पण त्या 'आम्ही'नं मला उंबऱ्याबाहेर उभं केलंस गं. ह्याच शब्दापायी आमचं दुकान जायची वेळ आली होती एकदा, ते ऐक.

नव्वदनंतरची गोष्ट. इथं राजाजीनगरात तुझ्या काकांचं टेलरिंगचं दुकान. त्या दिवसांत भाषेवरून वातावरण तापलेलं. कानडी अक्षर नसलेल्या पाट्यांवर पोरं डांबर फासत फिरायची. दोन गल्ल्या पलीकडे एका दुकानाच्या काचाही गेल्या होत्या. आमची पाटी सासऱ्यांनी रंगवून घेतलेली, वर देवनागरी, खाली इंग्रजी. कानडी नाहीच. त्यामागे डाव नव्हता काही, त्यांना सुचलं नाही एवढंच. घरात आमचं निम्मं बोलणं कानडीतच. पेंटरकडे धावलो तर तो म्हणतो, "अक्का, आठ दिवस थांबा. सगळ्या रस्त्याला एकदमच कानडी आठवलंय." तोवर काकांनी पाटीवर अस्तराचं कापड बांधलं. गुलाबी. लांबूनच कळायचं, इथं काहीतरी झाकलंय.

त्यातच कॉर्पोरेशनची निवडणूक. ती डांबरवाली पोरं ज्यांच्या मागे फिरत, ते आमच्या वॉर्डाचे पुढारी आपल्या मराठी समाजाच्या हॉलात बायकांची सभा घ्यायला आले. पोरं दाराशी उभी. आमच्यात बऱ्याच जणी सोलापूर-साताऱ्याकडून सून म्हणून आलेल्या, त्यांना कानडी स्वल्पच कळायचं. पुढारी म्हणाले, "मी बोलतो, तुमच्यातलं कुणीतरी मराठीत सांगा. आपल्या भाषेतलं मनात शिरतं." मी बडबडी, माईक माझ्या हातात आला.

माणूस बोलायला गोड. कुणाला आजी म्हणाले, कुणाला बहीण म्हणाले. मग आवाज चढवून एक वाक्य टाकलं: "नावु यारन्नू बिडोदिल्ल." दारातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मी आपलं सरळ मराठी केलं, "आम्ही कुणालाही सोडणार नाही."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून चपला शोधायला लागली. मागे खांबाशी काका उभे होते, त्यांचा चेहरा उतरलेला. एक सून हळूच म्हणाली, "काकू, धमकी देतायत का हो?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, काय करून बसले ते. कानडीत 'नावु' एकच. आम्हीही तेच, आपणही तेच. 'आपण कुणाला सोडायचं नाही' म्हटलं असतं तर सगळ्यांना धरून चालू असा अर्थ झाला असता. चूक माझी. पण मग पोरांनी टाळ्या कुठल्या अर्थाला दिल्या? त्यांनी तर माझाच अर्थ ऐकला होता. एकाच वाक्यात दारातल्या पोरांना एक आणि सतरंजीवरच्या आम्हा बायकांना दुसरं, असं वाटून दिलं होतं पुढाऱ्यांनी.

माईक हातातच होता. कानडीत विचारलं, "अण्णा, ह्या 'नावु'त आम्ही आहोत का?"

"का हो अम्मा?"

"मराठीत ह्याला दोन शब्द आहेत. एकात समोरचा घरात असतो, दुसऱ्यात दाराबाहेर. कुठला सांगू?"

ते हसले. "दोन? आम्हाला एकच पुरतो."

"पुरतो, म्हणूनच विचारते."

हसू थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. दुकानात दिवाळीचे कपडे शिवून टांगलेले, तेवढेच माझ्या डोळ्यापुढे. मग म्हणाले, "घरातला शब्द कुठला?" मी सांगितला. त्यांनी माईक घेतला आणि "आप्पण, आप्पण" असं दोनदा घोटून वाक्य मराठीतच म्हटलं. बायका हसल्या. म्हातारी चपला टाकून परत बसली. दारात टाळी वाजली नाही. पोरांना कळलंच नव्हतं.

जाताना ते पोरांशी काय बोलले, मला ऐकू आलं नाही. पोरं दुकानावरून गेली. एकानं अस्तराचं टोक उचलून आतली पाटी पाहिली, आणि टोक सोडून दिलं.

चार दिवसांनी मोठ्या मैदानावर पुढाऱ्यांची सभा झाली. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, भोंग्यातून तेच वाक्य आलं, तोच 'नावु', आणि त्याच टाळ्या. आमच्या गल्लीत आले की मात्र 'आप्पण'. निवडूनही आले. मत मी त्यांना दिलं का, ते विचारू नकोस.

पेंटर आला आणि वर कानडी चढलं. खाली देवनागरी तशीच आहे, रंग जरा उडालाय.

तर बाई, फोनवर भांडत नाही मी. दिवाळीची वाट बघू नकोस, लवकर ये. दुकानाच्या पायरीवर बसू आपण.