समासातले फुगे

"ताई, माझं नाव काहून दिसून राहिलं त्याच्यात?"

फोनवर मृणाल होती. घरात साप निघावा आणि तो ऐकेल म्हणून माणसाने हळू बोलावं, तसा आवाज. मी ऑफिसात चहाचा पहिला घोट घेतला होता. तो कुठे गेला, मला आजही माहीत नाही.

"कशात दिसून राहिलं?"

"रिव्ह्यूत. दुबे सरांच्या पेपरवर जिथे जिथे कॉमेंट टाकली, तिथे तिथे माझं नाव. पूर्ण नाव, ताई! ही फाइल सरांना पण गेली का?"

गेली होती. सिस्टीमने स्वतःच दोघांनाही पाठवली होती आणि शेजारी हिरवी खूण काढून मला शाबासकीही दिली होती.

यात घाबरण्यासारखं काय, ते सांगते. मी जबलपूरच्या एका विज्ञान-त्रैमासिकाची व्यवस्थापक संपादक. नर्मदा खोऱ्यातली झाडं आणि प्राणी हा आमचा विषय. पेपर आला की तो एखाद्या जाणकाराकडे तपासायला जातो. तो रिव्ह्यूअर. रिव्ह्यूअर कोण, हे लेखकाला कधीही कळता कामा नये. पण बाहेरचे जाणकार उत्तर देत नाहीत, आणि गावात माशांवर अधिकाराने बोलणारी माणसं दोनच. एक दुबे सर, विभागप्रमुख. दुसरी मृणाल, त्यांच्याच विभागात कंत्राटावर शिकवणारी. तिचं कंत्राट दरवर्षी सरांच्या सहीने पुढे सरकतं. यंदाची सही त्याच आठवड्यात व्हायची होती.

आणि पोरीने लिहिलं होतं काय? "तक्त्यातला हा मासा बरगी धरणात राहत नाही. तो बर्फाच्या पेटीतून बाहेरून येतो आणि बाजारात मिळतो. नमुने जाळ्याने धरले की विकत आणले?"

खरं होतं. म्हणूनच भयंकर होतं.

पूर्वी असं होणं शक्य नव्हतं. आमचे जुने संपादक प्रत्येक रिव्ह्यू स्वतः नव्याने टाइप करायचे, वाक्यं थोडी मोडून. इथे लोक एकमेकांचं अक्षर ओळखतात, आवडते शब्दही ओळखतात. त्यात महिना जायचा. मी नवी ऑनलाइन सिस्टीम आणली तेव्हा समितीपुढे हात पसरून जाहीर केलं, "रीटायपिंग बंद! फाइल आली, फाइल गेली." टाळ्या पडल्या. मी त्या मान लववून घेतल्या. वर्डमध्ये कॉमेंट केली की समासात फुगा येतो आणि फुग्यात नाव आपोआप छापलं जातं, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

सिस्टीमवाल्या कंपनीला फोन लावला. मेल परत बोलावता येईल?

"मैम, ये फीचर अगले अपडेट में आएगा."

एकच आशा उरली. आमच्याकडचे ज्येष्ठ प्राध्यापक मेल वाचत नाहीत, त्यांना मेल वाढली जाते. विभागाचे ऑपरेटर गुड्डू भैया ती उघडतात, प्रिंट काढतात, फाइलीत लावतात आणि चहाबरोबर टेबलावर ठेवतात. मी स्कूटी काढली. वाटेत गढा भागातल्या बाजारात अडकले आणि तिथेच थापांची तालीम केली. सर, फाइलीत व्हायरस आहे. सर, ही मृणाल वेगळी. एकही थाप दुसऱ्यांदा ऐकण्यासारखी नव्हती.

"भैया, दुबे सर का मेल निकाला?"

"कब का, मैडम जी! सर के टेबल पे है." गुड्डू भैयांनी चष्मा कपाळावर चढवला. "मेलबॉक्स फुल था, तो मेल उड़ा भी दिया."

मी तशीच धावले. सरांच्या खोलीचं दार ढकललं. सर खुर्चीत, हातात प्रिंट. समोर मृणाल उभी, तोंड खडूसारखं पांढरं. तिला त्यांनीच बोलावलं होतं.

"आइए, आइए मैडम! आपकी पत्रिका ने तो कमाल कर दिया."

मी खुर्चीची पाठ धरली. "क्या हुआ, सर?"

"एक भी करेक्शन नहीं! इसे भी यही दिखाने बुलाया है."

त्यांनी कागद टेबलावर पसरले. समास कोरे होते. स्वच्छ, पांढरे, देवासारखे.

दारातून गुड्डू भैया म्हणाले, "साइड में गुब्बारे आ रहे थे, सर. बंद कर दिए. बहुत इंक खाते हैं."

मी गुड्डू भैयांकडे असं पाहिलं, की ते बिचारे संकोचून निघून गेले.

तिथून निघून यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग बर्फातला तो मासा आमच्या पानांवरून थेट बरगीत पोहायला लागला असता.

"सर, रिव्ह्यूअर के कमेंट्स अलग से आएँगे. आज ही."

सरांचं हसू मावळलं. मृणालने माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

ऑफिसात येऊन दार लावलं आणि सगळं स्वतः टाइप केलं. मृणाल वाक्यावाक्याला "कृपया" लिहिते. ते सगळे काढले. मासा ठेवला. नाव कुठे चिकटलेलं नाही ना, हे इतक्या वेळा तपासलं की डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. मृणाल कंत्राटाचा कागद घेऊन आधीच उभी होती. सर नवं रिव्ह्यू वाचता वाचता माशापाशी थांबले. पुन्हा वाचलं. पंखा फिरत होता.

"ये आदमी..." सर म्हणाले, "ये नागपुर का है."

"सर, नाम तो मैं नहीं..."

"बताइए मत. यहाँ किसी में इतनी हिम्मत नहीं." मग मृणालकडे वळून म्हणाले, "देखो, रिव्ह्यू ऐसे लिखते हैं. कुछ सीखो." आणि सही केली.

"जी सर," मृणाल फरशीला म्हणाली. मी गाल आतून चावला.

सरांनी बरगीत खरंच जाळं टाकवलं. तक्ता नव्याने झाला, पेपर छापला गेला, चांगला निघाला. परवा त्यांचा पुढचा पेपर आला. सोबत विनंती होती की तपासायला त्याच नागपूरवाल्यांना द्यावा. मी मृणालला फोन केला.

"ताई," ती म्हणाली, "या वेळी मी खरंच नागपूरला चालली जाईन."

सिस्टीम छान चालते. पण ओळखीच्यांच्या गावात एखाद्याचं नाव लपवायचं, तर संशय घ्यायला शेजारी एक मोठं शहर लागतं, आणि ते कोणत्याच सॉफ्टवेअरबरोबर मिळत नाही.