कॉलनीची मोकळी जागा

लातूरला आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. प्लॉट पाडले तेव्हाच ती सगळ्यांसाठी म्हणून सोडलेली. पण तिथं ना सावली, ना बाक; नुसत्या काटेरी बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. त्यामुळे एका उन्हाळ्यात तिच्याभोवती पत्रे ठोकायला माणसं आली, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, बरं झालं, कुणीतरी साफ तरी करील.

मला आणि समोरच्या आपांना मात्र राहवेना. मी शाळेत शिकवते, आपा घरी शिलाईकाम करतात. आम्ही दोघी विचारायला गेलो, तर मुकादम म्हणाला, "शेठनं घेतलीय जागा. दुकानं काढणार हायत."

"कुणाकडून घेतली?" आपांनी विचारलं.

"मला काय ठाव? मी पत्रे ठोकून राहिलो."

आम्ही महापालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि सोमवारी मोजणीला माणूस पाठवतो म्हणाले. पण शनिवारीच पाया खणायला जेसीबी येणार, असं कळलं. कॉलनीतले पुरुष म्हणाले, कोर्टात जाऊ.

"तवर दुकानाची शटरं लागतील," आपा म्हणाल्या. "उद्या माझ्या कुरडया घालायच्या हायत. मी तिथंच घालते."

मला हसू आलं. मग कळलं, त्या थट्टा करत नव्हत्या. संध्याकाळी आम्ही घरोघर फिरलो.

शनिवारी उजाडताच बाया जुन्या साड्या, चादरी, बाजा घेऊन पत्र्यांमधल्या मोकळ्या वाटेनं आत आल्या. राडारोडा बाजूला सारला. ऊन वर येईतो कुरडया, उडदाचे पापड आणि लाल मिरच्यांनी सगळी जागा भरून गेली.

जेसीबी आला. चालक खाली उतरून बघतच राहिला. "मावशी, उचला की हे."

"ओल्या हायत रे बाबा. उचलल्या की मोडतात."

त्यानं शेठना फोन लावला. "खायच्या वस्तूवर मशीन घालायचं म्हणता? मी न्हाई घालत," एवढंच आम्हाला ऐकू आलं.

थोड्या वेळानं शेठ स्वतः आले. "दुसऱ्याच्या जागेत वाळवण घालता? लाज वाटत नाही?"

मी म्हणाले, "जागा सगळ्यांची आहे, शेठ. तुमचीसुद्धा. वहिनींनाही पाठवा पापड घेऊन."

बाया खळखळून हसल्या. शेठ गाडीत बसून निघून गेले.

सोमवारी मोजणी झाली. जागा सार्वजनिकच निघाली आणि पत्रे उतरले. पुढं आम्ही लिंब, करंज लावले. पाणीटंचाईत धुण्याभांड्याचं पाणी घालून ते जगवले. मग वर्गणी काढून फाटक आणि बाक बसवले.

शेठनी मग रस्त्यापलीकडे रीतसर इमारत बांधली आणि वर फलक लावला, 'उद्यानासमोर प्रशस्त फ्लॅट'. तो वाचून आपा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मलाही राग आला नाही. झाडं दिसावीत म्हणून लोक घर घेतात, याचं उलट बरंच वाटलं.

परवा त्या इमारतीत चाकूरहून नवीनच राहायला आलेली एक सून फाटकाशी घुटमळत होती. "इथं बसायला कुणाला विचारावं लागतं का हो?"

"कुणाला न्हाई," म्हणत आपा बाकावर सरकल्या, आणि ती आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली.