फेटा कुणाला बांधायचा?

किस्से टोमॅटोच्या क्रेटसारखे असतात. एक उतरवायला जावं, तर मागं अख्खा टेम्पो उभा! शीख गुरूंच्या शताब्दीची यात्रा आमच्या नारायणगावात दुपारच्या जेवणाला थांबणार असं ठरलं, आणि आमच्या स्वागत समितीत असा माल रोज उतरू लागला.

*

पहिल्याच मीटिंगला अध्यक्ष गणपतअण्णांनी जाहीर केलं, "सत्कार दणक्यात करायचा! शाल, नारळ, फेटा!"

टाळ्या पडल्या. कुणाला काही खटकलं नाही. आमच्याकडं पाहुणा म्हटला की फेटा आलाच.

सगळ्यात खूश झाले किसनमामा. अख्ख्या जुन्नर तालुक्यात त्यांच्यासारखा फेटा कुणी बांधत नाही. पण हल्लीचे नवरदेव रेडिमेड फेटा टोपीसारखा घालतात, त्यामुळं मामा घरी बसून. घरी बसलं की समोर मामी, आणि मामी म्हणजे मामांच्या शुगरचं पथ्य. गोडाचा वाससुद्धा बंद!

"आता बगा माजा हात!" म्हणत मामांनी पेटीभर भगवं कापड इस्त्री करून ठेवलं.

*

बँड शिनोलीचा ठरला. बँडमास्तरांना येत होती फक्त लग्नातली गाणी.

अण्णा वैतागले, "अवो, धार्मिक हाय हे!"

"मग हळू वाजवू की राव!"

*

आदल्या दिवशी एक सरदारजी जागा बघायला आले. अण्णांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. "तुमी फकस्त बसा."

चहा येईपर्यंत सरदारजींनी खराटा घेऊन मैदान झाडायला सुरुवात केली!

"पावणा झाडतोय! गावाची अब्रू गेली!" अण्णा धावले. मागून समिती धावली. खराटे पुरेनात, मी लिंबाचा डहाळा घेतला. शेवटी सरदारजी खुर्चीत चहा पीत बसले आणि आम्ही सगळे झाडत होतो. अण्णांच्या मनासारखं झालं.

*

यात्रा आली. पाहुणे उतरू लागले, आणि मामांचा चेहराही उतरला. प्रत्येकाच्या डोक्यावर चापूनचोपून बांधलेली पगडी!

अण्णा पुटपुटले, "ह्ये कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई?"

मामांनी पेटीला कडी घातली. मला फार वाईट वाटलं.

*

तेवढ्यात मंडपाच्या दारात कालचे सरदारजी हात जोडून म्हणाले, "सिर ढककर आइए जी."

आता आली का पंचाईत! टोप्या घालणारी पिढी गेली, अख्खं गाव बोडकं! सगळ्यांच्या नजरा मामांकडं वळल्या.

कडी निघाली. मामांचे हात असे चालले की बघत राहावं! रांग संपेना, तेव्हा सरदारजीही शेजारी बसून बांधू लागले. शेवटी बोडके राहिले एकटे मामा. सरदारजींनी त्यांना समोर बसवलं, ऐटबाज पंजाबी पगडी बांधली, वर मिशांना पीळ दिला. मामा गेले आणि पाहुणा उरला!

पंगत बसली. पाहुण्यांच्या बरोबरीनं आमच्या बायकाही वाढत होत्या. गरम शिऱ्याची बादली घेऊन मामी आल्या. चष्म्यावर नुसती वाफ.

"घ्या की पावणं, लाजू नका!" मामींनी मामांच्या ताटात दोन डाव शिरा घातला. मग वाकून हळूच विचारलं, "आमचं म्हातारं दिसलं का वो कुटं? फेटं बांदून बांदून उपाशी असंल."

मामांनी मान वर न करता ताट पुढं सरकवलं.

"नहीं जी. थोडा और दो!"